निफाडहून न्हावा शेवा: द्राक्षांच्या कंटेनरसाठी घाटातला मार्ग कसा आखावा?

कळंबोली_ट्रेलर

नमस्कार मंडळी. कळंबोलीला आमचे लहानसे वाहतूक कार्यालय आहे. आमचे ट्रेलर आजवर तळोजा, तुर्भे आणि भिवंडीच्या सपाट पट्ट्यातच बंदराच्या फेऱ्या करत आले आहेत. येत्या हंगामात निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाउसमधून द्राक्षांचे चाळीस फुटी रीफर (शीत) कंटेनर न्हावा शेव्याला आणण्याचे काम आम्हांला मिळण्याची शक्यता आहे. रिकामा कंटेनर द्रोणागिरीच्या यार्डातून उचलायचा, घाट चढून निफाडला न्यायचा, भरल्यावर जेनसेट (रीफरला वीज देणारे डिझेल जनित्र) चालू ठेवून घाट उतरायचा आणि जहाजाच्या कटऑफच्या (कंटेनर स्वीकारण्याच्या शेवटच्या वेळेच्या) आत बंदराच्या गेटमधून आत न्यायचा, असे कामाचे स्वरूप आहे.

उतरताना आमच्यासमोर तीन मार्ग आहेत. पहिला नेहमीचा, म्हणजे आग्रा महामार्गाने नाशिक, घोटी, इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, पडघा, भिवंडी, खारेगाव, मुंब्रा बाह्यवळण, शिळफाटा, तळोजा, कळंबोली, पळस्पे आणि पुढे बंदराचा रस्ता. दुसरा समृद्धी महामार्गाने इगतपुरीचा बोगदा पार करून भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला उतरण्याचा आणि तिथून पुन्हा पहिल्या मार्गाला लागण्याचा. तिसरा शहापूरहून मुरबाड, कर्जत, चौक असा भिवंडी व मुंब्रा दोन्ही टाळणारा. नकाशावर किलोमीटर मोजून मी पहिल्या मार्गाकडे झुकलो आहे. ज्यांनी या घाटांत प्रत्यक्ष गाड्या चालवल्या आहेत किंवा चालवून घेतल्या आहेत, त्यांचे मत मला हवे आहे.

घाटमाथा

दादा, मी अनेक वर्षे ट्रेलर चालवला आणि आता नव्या चालकांना शिकवतो. घाटाचे नियोजन किलोमीटरवरून सुरू केले की पुढचे सगळे गणित चुकत जाते, म्हणून आधी उंचीचा विचार करावा असे मी सुचवतो. नाशिक आणि इगतपुरी ही दोन्ही ठिकाणे समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहेत. निफाडहून निघालेली गाडी घोटी-इगतपुरीपर्यंत चढ-उतार करत असली तरी एकूण उंची फारशी गमावत नाही. जे उतरायचे ते सगळे इगतपुरीनंतर येते, आणि त्यातले सुमारे ३०० मीटर एकट्या कसारा घाटात, मोजक्या किलोमीटरांत येतात. घाट संपला तरी उतार संपत नाही. खर्डी, आटगावपर्यंत रस्ता खाली खालीच जात राहतो, आणि चालक नेमका तिथे निर्धास्त होतो.

आता वजन पाहा. घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी), ट्रेलर, रीफर, जेनसेट आणि माल मिळून गाडी ३८ टनांची धरली, तर ३०० मीटर उतरताना सुमारे ११ कोटी ज्यूल इतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. विजेच्या भाषेत ती सुमारे ३१ युनिट होते. चालकाने फक्त पायाच्या ब्रेकवर गाडी धरली, तर ही सगळी उष्णता ड्रम आणि लायनरमध्ये शिरते. ड्रम तापला की प्रसरण पावून लायनरपासून दूर जातो, लायनरची पकड कमी होते, आणि चालक पॅडल आणखी दाबू लागतो. वारंवार पंपिंग केले की टाकीतील हवेचा दाब उतरतो. त्यानंतर जे घडते त्याला आपण ब्रेक फेल म्हणतो, पण ब्रेक सहसा अचानक निकामी होत नाहीत. ते घाटमाथ्यापासून हळूहळू निकामी होत आलेले असतात.

म्हणून आमच्याकडे शिकवताना पहिला नियम असा असतो, की ज्या गियरमध्ये भरलेली गाडी हा घाट चढली असती, त्याच गियरमध्ये ती उतरवायची, आणि तो गियर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर वेग धरणारा) सुरुवातीपासून लावलेला असावा. पायाचा ब्रेक थोडा वेळ पण ठामपणे दाबून पूर्ण सोडावा, सतत घासत ठेवू नये. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणारा चालक माझ्या मते घाटाच्या कामाला नेमूच नये, त्याचा इतर अनुभव कितीही मोठा असो.

इगतपुरीला घाटनदेवीच्या देवळापाशी पुष्कळ चालक थांबून नमस्कार करतात. ही रीत मला फार मोलाची वाटते, कारण त्या निमित्ताने गाडी उताराआधी उभी राहते. तेवढ्यात हवेचा दाब, टायर, चारही ट्विस्ट लॉक (कंटेनर ट्रेलरला पकडून ठेवणारी कुलपे) आणि ड्रमची उष्णता तपासून होते. तुमच्या वेळापत्रकात घाटमाथ्यावरचा हा थांबा वेगळा लिहून ठेवा. लिहिलेला नसेल तर उशीर झाल्याबरोबर सर्वांत आधी तोच वगळला जाईल.

शहापूरकर

वरील प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन देऊन समृद्धीविषयी थोडे लिहितो. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि त्याबरोबर ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. इगतपुरीजवळचा जुळा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे. समुद्राकडे उतरायचे तेवढेच उतरावे लागते, त्यामुळे घाटमाथा यांनी सांगितलेली ऊर्जा इथेही जिरवावीच लागते, पण ती लांब अंतरावर आणि सौम्य उतारावर विभागली जात असल्याने ब्रेकना थंड व्हायला वेळ मिळतो आणि इंजिनाच्या जोरावर गाडी धरणे सोपे जाते. वळणेही अंगावर येत नाहीत. रीफर उंच असतो, ट्रेलरच्या पाट्यावर ठेवल्यावर त्याचा माथा जमिनीपासून ४ मीटरच्या बराच वर जातो, हे लक्षात घेतले तर वळणांचा मुद्दा लहान नाही.

आणखी एक सूचना. तुम्ही निफाडहून नाशिक शहरात शिरून इगतपुरीला समृद्धी गाठण्याचा विचार करत आहात. त्याऐवजी निफाडहून सिन्नरकडे जाऊन गोंदे येथे समृद्धीवर चढता येईल. नाशिक शहरातली गर्दी त्यामुळे टळते. पथकर अंतरानुसार लागतो, तो जास्त पडेल, हे मात्र भाडे ठरवताना धरावे.

कळंबोली_ट्रेलर

दोघांचेही मनापासून आभार. उंचीच्या अंगाने मी विचारच केला नव्हता. एक शंका आहे. आमच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की पुणे बाजूचा घाट चांगल्या रस्त्याचा असल्यामुळे गरज पडल्यास सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असे जाऊन द्रुतगती मार्गाने उतरावे. दुसऱ्यांनी माळशेज सुचवला. पर्यायी मार्ग म्हणून यांपैकी कोणता लिहून ठेवावा?

घाटमाथा

पुणे बाजू पर्याय म्हणूनही लिहू नका. लोणावळा सुमारे ६२० मीटरवर आणि खोपोली सुमारे ६० मीटरवर आहे. म्हणजे बोरघाटात साडेपाचशे मीटरहून अधिक उतार एका दमात येतो, आणि तुमच्या ३८ टनांसाठी जिरवायची ऊर्जा कसाऱ्याच्या जवळपास दुप्पट होते. शिवाय अंतर वाढते. चाकण किंवा रांजणगावचा माल असता तर प्रश्नच नव्हता, तिकडच्या मालाला तोच घाट आहे. निफाडच्या मालाने तिकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

मुरबाड_रोड

माळशेजविषयी मी लिहितो, कारण माझे घर टोकावड्याच्या बाजूला आहे आणि हा घाट मी सर्व ऋतूंत पाहिला आहे. कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावरचा हा घाट दुहेरी वाहतुकीचा आणि तीव्र वळणांचा आहे. पावसाळ्यात दरडी कोसळतात, धुके इतके उतरते की पुढच्या गाडीचे दिवे जेमतेम दिसतात, आणि सुटीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी उभ्या असतात. डोंगरी रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी असा नियम आहे. म्हणजे भरलेला ट्रेलर घेऊन उतरणाऱ्या तुमच्या चालकाला अरुंद जागी थांबावे लागेल, आणि तिथे थांबवलेली गाडी पुन्हा ताब्यात ठेवून सोडणे हे नव्या माणसाचे काम नाही. ओतूर-जुन्नरचा कांदा, भाजी घेऊन येणारे ट्रक या घाटाने रोज येतात, ते चालक याच रस्त्यावर वाढलेले आहेत. चाळीस फुटी रीफरसाठी मी हा घाट सुचवणार नाही. द्राक्षांचा हंगाम कोरड्या महिन्यांत येतो, म्हणून दरडींचा धोका कमी धरता येईल, पण वळणे हंगाम पाहून सरळ होत नाहीत.

शहापूर-मुरबाड-कर्जत हा तुमचा तिसरा मार्ग मात्र मनात ठेवा. तो गावांमधून जातो, वेग कमी मिळतो, आणि झाडांच्या फांद्यांची उंची आधी मोकळी गाडी नेऊन पाहावी लागेल. मुंब्रा बाह्यवळण दुरुस्तीसाठी बंद झाले किंवा तिथे अपघात होऊन रांग लागली, तर हाच रस्ता गाडी बंदरापर्यंत पोहोचवेल.

रीफर_ताई

कळंबोलीचे दादा, मी नाशिक जिल्ह्यात शीतसाखळीचे काम पाहते. मालाच्या बाजूने काही गोष्टी सांगते, त्या मार्गाशी थेट संबंधित आहेत.

द्राक्षे शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून पाठवली जातात. रीफर हे तापमान टिकवण्याचे यंत्र आहे, गरम माल थंड करण्याचे नाही. म्हणून पॅकहाउसमध्ये पूर्वशीतन पूर्ण झाल्याशिवाय माल भरला जाऊ नये, आणि तुमच्या गाडीची घाई आहे म्हणून कोणी अर्धवट थंड झालेले पॅलेट आत ढकलू लागले तर तुमच्या चालकाने कार्यालयाला लगेच कळवावे. पूर्वशीतनाला तासन् तास लागतात. हंगाम ऐन भरात असताना, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, एका पॅकहाउससमोर अनेक कंटेनर उभे असतात. भरणे संध्याकाळी संपेल असे सांगितले असेल, तर ते मध्यरात्री संपेल असे धरून पुढचे वेळापत्रक लिहा.

जेनसेटच्या डिझेलचा हिशेब प्रवासाच्या तासांवर करू नका. भरणे संपल्यापासून बंदरात कंटेनर विजेच्या जोडणीवर जाईपर्यंतचा संपूर्ण काळ मोजा, त्यात घाटातली कोंडी, पार्किंगमधले थांबणे आणि गेटची रांग आली. गाडी हलत नसली तरी जेनसेट चालूच असतो. घाटमाथ्यावरच्या तपासणीत ब्रेकबरोबर रीफरच्या पडद्यावरील तापमानाचाही फोटो घ्यायला सांगा. पुढे परदेशी खरेदीदाराने मालाबद्दल तक्रार केली, तर तापमान कुठे चढले हे दाखवणारा पुरावा वाहतूकदाराला वाचवतो.

आणि धक्क्यांबद्दल एक विनंती. खराब रस्त्यावर वेगाने नेलेल्या द्राक्षांचे मणी देठापासून सुटतात. पेटी उघडल्यावर तळाशी सुटे मणी सापडणे हे निर्यातीच्या मालाला मोठे वैगुण्य आहे. शेतकऱ्याने वर्षभर छाटणीपासून विरळणीपर्यंत राबून, औषधांच्या अंशांची तपासणी पार करून हा माल तयार केलेला असतो. म्हणून मार्ग निवडताना थोडा लांब पण गुळगुळीत रस्ता मला केव्हाही परवडतो.

उरण_सीएचए

आता बंदराकडून उलटे मोजू. नियोजनाची सुरुवात कटऑफपासून करा आणि मागे मागे जा. कटऑफ चुकला की कंटेनर शट आउट होतो, पुढच्या जहाजाची वाट पाहावी लागते, आणि नाशवंत मालाच्या बाबतीत ते नुकसान भाड्याच्या कैक पट असते.

कोणत्या टर्मिनलला जायचे आहे ते गाडी निघण्याआधी लेखी घ्या. न्हावा शेव्यात टर्मिनल अनेक आहेत, त्यांचे गेट वेगळे आहेत, आणि चुकीच्या गेटच्या रांगेत शिरलेला ट्रेलर सहज मागे फिरू शकत नाही. शिपिंग बिल (निर्यातीचे सीमाशुल्क घोषणापत्र), पॅकहाउसमध्ये कंटेनरला लावलेल्या इलेक्ट्रॉनिक सीलचा क्रमांक, कंटेनरच्या प्रमाणित वजनाचे पत्र आणि फॉर्म १३ (टर्मिनलच्या गेटमधून आत जाण्याचा परवाना) ही कागदपत्रे आमच्या, म्हणजे सीमाशुल्क दलालांच्या, हाती गाडी घाट उतरत असतानाच यायला हवीत. प्रमाणित वजनाचा नियम १ जुलै २०१६ पासून जगभर लागू आहे, त्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. कारखान्यातून किंवा पॅकहाउसमधून थेट भरून आलेले कंटेनर मध्यवर्ती पार्किंगमध्ये थांबतात आणि सीमाशुल्काची निर्यात-परवानगी मिळाली की टर्मिनलकडे जातात. सील क्रमांकातला एक आकडा चुकला तरी गाडी तिथे अडते. चालकाने सीलचा स्पष्ट फोटो पॅकहाउसच्या दारातच पाठवावा.

ताज्या फळांना ई-वे बिल लागत नाही. पण तुम्ही याच मार्गावर सिन्नर किंवा अंबडचा यंत्रांचा माल घेणार असाल तर लागेल, आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. नाशिकपलीकडून बंदरापर्यंतचे अंतर या आकड्याच्या आसपास घुटमळते, त्यामुळे अंतर नीट भरा.

वजनाबाबतही सांगतो. २०१८ च्या सुधारित मर्यादेनुसार दोन आसांचा घोडा आणि तीन आसांचा ट्रेलर यांना एकूण ४५.५ टनांपर्यंत परवानगी आहे. द्राक्षांचा रीफर त्यात आरामात बसतो, कारण हा माल वजनापेक्षा जागा जास्त घेतो. यंत्रे किंवा लोखंड भरलेला वीस फुटी कंटेनर मात्र थोड्या लांबीवर मोठे वजन टाकतो. तो ट्रेलरवर पुढे-मागे कुठे बसवला यावर एकेका आसाचा भार ठरतो, आणि एकूण वजन मर्यादेत असूनही एखादा आस मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

मुंब्रा_बायपास_प्रवासी

मी रोज ठाण्याहून तळोज्याला कामाला जातो. घाटाची एवढी चर्चा झाली, पण खारेगाव ते शिळफाटा हा पट्टा हलका समजू नये. बंदर आणि भिवंडीची गोदामे यांच्यातली जवळपास सगळी अवजड वाहतूक याच बाह्यवळणावरून जाते. डोंगराच्या कुशीतून जाणारा हा रस्ता स्वतःच एक छोटा घाट आहे, आणि त्याच्या उतारावर कंटेनर कलंडल्याच्या बातम्या ठाणेकरांना नव्या नाहीत. कसारा सुखरूप उतरून आलेला थकलेला चालक इथे पोहोचतो तेव्हा त्याच्या मनात बंदर आलेले असते.

ठाणे आणि नवी मुंबई वाहतूक पोलीस अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी प्रवेश बंद ठेवतात. या वेळा सण, कामे आणि दुरुस्तीनुसार नव्या अधिसूचनेने बदलत राहतात, म्हणून गाडी निफाडहून निघण्याच्या दिवशी ताजी अधिसूचना पाहणे हे कार्यालयातील एका ठरावीक माणसाचे काम असावे. बंदीच्या वेळेत गाडी पोहोचणार असेल तर तिला पडघ्याच्या आधी, रस्त्यापासून आत असलेल्या वाहनतळावर थांबवा. महामार्गाच्या कडेला रात्री दिव्यांविना उभ्या केलेल्या ट्रेलरवर मागून दुचाकीस्वार आदळतात. त्या माणसांच्या घरी कोणाच्या कटऑफचे स्पष्टीकरण देता येत नाही.

कळंबोली_ट्रेलर

सर्वांचे प्रतिसाद मी छापून कार्यालयात लावले आहेत. त्यावरून नवा आराखडा मांडतो, त्रुटी असल्यास सांगाव्यात.

मुख्य मार्ग म्हणून निफाड, सिन्नर, गोंदे, समृद्धीने आमणे, पुढे भिवंडी, खारेगाव, मुंब्रा बाह्यवळण, तळोजा, कळंबोली, पळस्पे असा धरला आहे. समृद्धीवर काही कारणाने वाहतूक थांबल्यास कसारा घाट, आणि मुंब्रा बंद असल्यास शहापूर-मुरबाड-कर्जत-चौक. कटऑफ शनिवारी सकाळी असेल तर गाडी शुक्रवारी दुपारपर्यंत मध्यवर्ती पार्किंगमध्ये उभी असावी, असे मागे मोजले आहे. त्यासाठी भरणे गुरुवारी रात्री संपले पाहिजे, आणि रिकामा कंटेनर तपासणी होऊन बुधवारी रात्रीच घाट चढलेला असावा. गाडी समृद्धीने जाणार असली तरी उतार सुरू होण्याआधी अधिकृत थांब्यावर ब्रेक आणि तापमान तपासायचे, हे चालकाच्या कागदावर स्वतंत्र ओळीत लिहिले आहे.

प्रश्न चालकाचा उरतो. बुधवारी रात्री चढलेला माणूसच शुक्रवारी पहाटे उतरणार आहे. दोन चालक देणे भाड्यात बसवताना ओढाताण होते.

घाटमाथा

इथे काटकसर करू नका. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार चालकाचे काम दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांचे होते, आणि सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागत असे; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. पॅकहाउससमोर गाडी उभी असताना चालक झोपलेला असतो असे मालक समजतात. प्रत्यक्षात त्याला दर तासाला गाडी पुढे घ्यायला उठवतात, जेनसेटचा आवाज डोक्याशी चालू असतो, आणि भरणे संपल्याबरोबर त्याला निघायला सांगतात. रात्रभर असा जागलेला माणूस पहाटे उतारावर येतो.

दोन चालक जमत नसतील तर निदान एवढे करा. नाशिक भागातला एक चालक ठरवून ठेवा, जो पॅकहाउसच्या आवारात गाडी पुढे-मागे घेईल आणि भरून घेईल. तुमचा मुख्य चालक तेवढा वेळ खोलीवर झोपेल. हंगामात अनेक गाड्या असतील तर एक स्थानिक माणूस तीन-चार गाड्यांचे हे काम पाहू शकतो, आणि तो खर्च दुसऱ्या पूर्णवेळ चालकापेक्षा पुष्कळ कमी पडतो.

रीफर_ताई

आमच्या ओळखीच्या पॅकहाउसमध्ये चालकांसाठी खोली, स्वच्छतागृह आणि जेवणाची सोय आहे, पण सगळीकडे नसते. करार करताना ही अट तुम्हीच घाला, दादा. वाहतूकदाराने मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही, आणि हंगाम सुरू झाल्यावर मागायला वेळ राहत नाही.

कळंबोली_ट्रेलर

स्थानिक माणसाची कल्पना आम्हांला पटली. भाड्याच्या प्रस्तावात घाटमाथ्यावरचा थांबा, आवारातला चालक आणि समृद्धीचा पथकर या तीन गोष्टी वेगवेगळ्या दाखवून दर पाठवत आहोत, म्हणजे पॅकहाउसने दर कमी करायला सांगितले तर नेमके काय कापले जात आहे ते त्यांनाही दिसेल. चालकांच्या खोलीची अटही त्यात घातली आहे. पुढच्या आठवड्यात मोकळी गाडी घेऊन मी स्वतः चालकाबरोबर शहापूर-कर्जत रस्त्याने फांद्यांची उंची पाहायला जाणार आहे. मुरबाड_रोड, आपण त्या दिवशी गावी असाल तर टोकावड्याकडून मुरबाड नाक्यावर भेटता येईल का?

मुरबाड_रोड

अवश्य भेटू. सकाळी लवकर या, बाजाराचा दिवस टाळा, आणि गाडीबरोबर एक लांब काठी घ्या. कंटेनरच्या माथ्याइतक्या उंचीवर खूण करून ती गाडीवर उभी बांधली, म्हणजे कोणती फांदी लागते ते जागच्या जागी कळेल.